काचेतला जीव

१४ सप्टें., रवि.
कालपासून पोटात इंजेक्शनं सुरू. टेस्ट-ट्यूब बाळासाठी आमची ही तिसरी खेप. "आता शेवटची," असं प्रमोदच म्हणाला. मी कुठं काय म्हटलं?
दुपारी त्यानं पेनड्राइव्हवरचा पिक्चर लावला. हिंदीत बोलणारा गोरा शास्त्रज्ञ काचेच्या बरणीत जीव घडवतो. त्या जिवानं डोळे उघडले की हा किंचाळत पळाला. असल्या सगळ्या पिक्चरांत हेच. अरे, इतकी वर्षं खपलास, आता पळतोस कुठं? मला संतापच आला.
सासूबाई दारातून, "अशा दिवसांत हे भुताचं काऊन पाहून राह्यली वं?"
"भूत नोहे आई. आपल्या लेकरावानीच हाय, दवाखान्यातलं," प्रमोद म्हणाला. हसलो दोघंही. बऱ्याच दिवसांनी.

१८ सप्टें., गुरु.
सोमवारी घट बसणार, म्हणून सासूबाईंनी घर धुवायला काढलं. गोधड्या, पितळ, देव्हारा. शाळेतून दोनला आले तर फ्रिजही रिकामा, दार उघडं, आतलं सगळं गच्चीवर. लोणच्याच्या बरण्यांशेजारी भर उन्हात माझा इंजेक्शनांचा डबा. पुसून, वर हळदकुंकू लावून ठेवलेला. हात लावला, गरम.
ओरडावंसं वाटलं. त्या खाली गोधड्या आपटत होत्या. डबा गुपचूप आत नेला.
नववीला विज्ञान शिकवते मी. उन्हानं औषध बिघडतं हे मला कळत नाही असं नाही. तरी संध्याकाळी त्याच डब्यातली सुई टोचून घेतली. दवाखान्यात सांगितलं तर ही खेप थांबवतील. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची ताकद नाही माझ्यात. नाहीच.

२५ सप्टें., गुरु.
संभाजीनगर. स्त्रीबीजं काढली. मागच्या वेळी अकरा, आज तीन. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. "इंजेक्शनं थंड ठेवली होती ना?"
"हो," मी.
प्रमोद शेजारीच उभा होता. त्यानंही मान हलवली, माझ्या भरवशावर.

३० सप्टें., मंगळ.
तिनातला एकच गर्भ तगला. आज गर्भाशयात सोडला. पडद्यावर पांढरा ठिपका, मोहरीएवढा. प्रमोद माझ्या कानाशी, "पाह्य, पिक्चर सुरू झाला." म्हणाला आणि रडायलाच लागला.
माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. देवा, जगू दे. खोटं मी बोलले, प्रमोद नाही.

५ ऑक्टो., रवि.
पडून आहे. प्रमोदनं नवा पिक्चर आणला. यातल्या शास्त्रज्ञाची बरणी तडकते आणि तो बायकोपासून लपवतो.
"बंद कर."
"काऊन? आत्ता तं मजा येऊन राह्यली."
रिमोट फेकला मी. सेल पलंगाखाली गेले. तो वाकून शोधत बसला. "भेव लागलं का तुले? सांगायचं नं मंग." एक शब्द रागाचा नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

९ ऑक्टो.
ओटीपोटात दुखतंय. मग नाही दुखत. मग दुखत का नाही म्हणून भीती.
घट उठून आठवडा झाला तरी सासूबाई अनवाणीच फिरतात. विचारलं तर देव्हाऱ्याकडे वळल्या.

१४ ऑक्टो., मंगळ.
गर्भ राहिला का ते बघायला सकाळी इथंच चिखलीत रक्त दिलं. अहवाल पाचला.
दुपारी सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या. "तो डबा म्या ठेवला उन्हात. डब्यावर बरफाचं चित्र हाय, ते नंतर दिसलं मले. तू बोलली नाही, मंग म्या बी नाही बोलली." मग पदरानं तोंड पुसून, "काई वंगाळ निंगालं तं प्रमोदले माह्यं नाव सांगजो. माह्या पोटचा हाय, तो मले बोलून घेईन."
खोटं कशाला लिहू? क्षणभर हलकं वाटलं. किती सोपं होतं ते! दुसऱ्याच क्षणी स्वतःची किळस आली. त्यांना कळलं नव्हतं, मला कळत होतं. सुई माझ्या हातानं टोचली, 'हो' माझ्या तोंडानं म्हटलं.
त्यांना सांगितलं, "आई, त्याला मीच सांगते. अहवाल यायच्या आधी." चांगला आला तर सांगणं होणारच नाही माझ्याच्यानं, हे मला पक्कं माहीत आहे.
पावणेपाच. फाटकाशी त्याची गाडी थांबली. सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. वही ठेवते.