आठ पांढरी खोडं

३ मार्च
आज बांधकाम कंपनीची माणसं येऊन आमच्या गल्लीच्या सामाईक अंगणातली झाडं मोजून गेली! नव्या इमारतीचा पाया येणार तिथले दोन पॉप्लर सकाळीच आडवे झाले. ते मी समजू शकते — घर हवेत उभं राहत नाही. पण उरलेली आठ? तिथे म्हणे मोटारी उभ्या राहणार. त्यात सासूबाईंनी लावलेलं तुतीचं झाड. गल्लीतलं प्रत्येक पोर एकदा तरी त्यावरून पडलेलं आहे.

कंपनीचा इंजिनियर इल्हाम. तिशीचा असेल. म्हणतो, "आपा, एकेका झाडाच्या बदल्यात दहा रोपं देऊ. कुंड्यांत."

"तुझ्या आजोबांच्या बदल्यात दहा तान्ही बाळं दिली तर चालतील का तुला?"

हसला. हसण्यासारखं काही नव्हतं.

५ मार्च
मोहल्ल्याच्या चहाखान्यात सभा. चाळीस मिनिटं बोलले. झाडं तोडून वसवलेली शहरं पुढे वाळूखाली सापडतात, हे उदाहरणांसकट सांगितलं. इल्हामला तोंडावर 'झाडांचा खाटीक' म्हटलं. टाळ्या पडल्या.

मोहल्ल्याचे प्रमुख, सगळ्यांचे 'ओता' म्हणजे बाबा, तुर्गुन-ओता चहा ओतत म्हणाले, "सानोबर, पोरी, तू बोलायला लागलीस की माझा चहा गार होतो."

आणि खाटीक काय विचारतो? "ओता, यंदा तुमचा हशर कधी?" इथे झाडांच्या जिवाचा प्रश्न, आणि याला नवरोजच्या आधी सगळ्यांनी मिळून करायच्या साफसफाईची चौकशी! विषय बदलायची किती घाई.

८ मार्च
बायकांचा दिवस. माझे शाळेतले जुने विद्यार्थी फुलं घेऊन आले. फुलं ठेवून घेतली, झाडं वाचवायच्या अर्जावर प्रत्येकाची सही घेतली. सत्तावीस.

११ मार्च
फाटकावर कागद लागला: 'चुन्याने रंगवलेलं झाड राखावं, बाकीची तोडावीत.' खाली कंपनीच्या मालकाची सही. तोडणी सोमवारी, सतराला. इल्हामने एकाच झाडाला पट्टा ओढला — कोपऱ्यातल्या चिनाराला. आमच्या तुतीला नाही.

"लाल रंग नव्हता मिळत?"

"चुना स्वस्त पडतो, आपा."

खाटीक, वर कंजूषसुद्धा!

१६ मार्च
हशर झाला. मी गेले नाही. वर्तमानपत्राला पत्र लिहीत बसले.

संध्याकाळी बाहेर आले तर पाटातला गाळ निघालेला, कढईत पुलाव, आणि आठही खोडं छातीइतकी पांढरीशुभ्र! कीड लागू नये म्हणून दरवर्षी चुन्याने रंगवतात, तशीच. फाटकावरचा कागद एकानेही वाचला नव्हता की काय!

"ओता, राखायचं झाड कोणतं ते आता कळणार कसं? तो चिनारही घालवलात!"

"वसंत आला की खोडं रंगवायची, पोरी. माझ्या बापाने कधी कोणाला विचारलं नाही. यंदा तर चुन्याच्या दोन गोण्या जास्त होत्या."

सवयीने आंधळी झालेली माणसं. जेवले नाही.

१७ मार्च
करवतवाले आले. मुकादमाने कागद वाचला, झाडं पाहिली, परत कागद वाचला.

"ही तर सगळीच रंगवलेली."

"मग राखा," मी म्हटलं. आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण.

इल्हाम आला. मान खाजवली. मालकाला फोन लावला. "कागदावर सही तुमची आहे, साहेब. नवी परवानगी काढायला दोन महिने. काम थांबवू, की मोटारींची जागा इमारतीच्या मागे नेऊ?" पलीकडून बराच आरडाओरडा.

मागे नेली!

कालचा पुलाव गरम करून खाल्ला. दोनदा.

२३ मार्च
दोन पॉप्लरच्या बदल्यातली वीस रोपं आली. कुंड्या परत पाठवल्या. रोपं पाटाच्या कडेने जमिनीत लावली. त्यांच्या सावलीत आज मुंगीही बसणार नाही. तरी रोज पाणी घालते.

२० मे
तुती पिकली. पोरं वर चढून फांद्या हलवत होती, खाली चौघांनी चादर ताणली होती. एक कोपरा इल्हामच्या हातात! "याला कोणी बोलावलं?" मी विचारलं.

तुर्गुन-ओता तुती चघळत म्हणाले, "धरू दे, पोरी. त्या दोन गोण्या चुना त्यानेच आणून टाकला होता."

पहिला वाडगा भरून मी खाटकाला दिला.