उद्धवचा डोळा

नागपूर, १२ जानेवारी १९५३

सौ. प्रेमलावहिनींस,
शरयूचा सा. न. वि. वि.

मी इथे सशांच्या डोळ्यांत भिंगं बसवतेय हे आईला सांगू नका, तिला जेवण जाणार नाही. मोतीबिंदू काढला की माणसाला जाडजूड चष्मा लागतो. त्याऐवजी प्लास्टिकचं इवलंसं भिंग डोळ्याच्या आतच बसवायचं, असं विलायतेत सुरू झालंय. पण डोळ्याला ते सोसायला हवं ना! आमच्या दोन सशांचे डोळे लालभडक झाले. आमचे मेडिकल कॉलेजातले सर म्हणाले, पुरे, बंद करू. मी हट्टच धरला. भिंग उकळलं तर वाकतं, म्हणून ते जंतुनाशक औषधात बुडवतात. मला वाटतं, डोळ्याला भिंग नाही, त्याला चिकटून राहिलेलं औषध बोचतंय. सरांनी शेवटचा एक ससा दिलाय. त्याचं भिंग मिठाच्या शुद्ध पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन बसवलं.

ससा ऐटबाज आणि नाकावर राग असलेला, म्हणून नाव ठेवलंय उद्धव. आपलं नाव सशाला मिळालंय हे तुमच्या यजमानांना, म्हणजे आमच्या दादाला, कळू देऊ नका!

लोभ पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
शरयू

नागपूर, ३ फेब्रुवारी

वहिनी, घाईत कार्ड टाकतेय. उद्धवचा डोळा निवळला! लाली नाही, सूज नाही. सरांनी स्वतः चहा पाजला. काम चालू राहणार! उद्धव मजेत, पालक खातोय.
शरयू

मलकापूर, ६ फेब्रुवारी

प्रिय वन्संले प्रेमलाचा नमस्कार.

तुम्ही कार्ड काऊन टाकलं हो? पाकीट नव्हतं का? पोस्टमननं वाचलं अन् घरोघरी सांगत आला. हे कापसाच्या जिनिंगमधून घरी आले तर ओसरीवर अर्धी गल्ली बसलेली. सासूबाई रडून राह्यल्या, की पोरानं कामाच्या बहाण्यानं नागपूरले जाऊन डोळा कापून घेतला अन् मले सांगितलंही नाही. शेजारची चांदबी पालकाची जुडी घेऊन आली. ह्यायचे दोस्त बशीरभाऊ, त्यायनं ह्यायचं तोंड उजेडाकडं फिरवलं, पापण्या वर करून पाह्यल्या अन् म्हणे, डॉक्टरनं काम झकास केलं, टाकाही दिसत नाही. हे ओरडले की मले काहीच झालं नाही. तसे सगळे म्हणे, बिचाऱ्याची गुंगी उतरली नाही अजून.

मी पदरात तोंड खुपसून हसून राह्यली होती. पण सासूबाईचं रडणं काही थांबेना. शेवटी मीच भर ओसरीत ओरडली, की उद्धव ससा हाय!

वन्सं, लग्न झाल्यापासून उखाण्याबाहेर ह्यायचं नाव कधी घेतलं नव्हतं. मले वाटलं, आता काही खरं नाही. तर हे जवळ आले अन् हळूच म्हणे, अजून एकदा घे ना.

माया अशीच ठेवा, हे मागणं.
तुमची प्रेमला