लाल गाडीच्या बाजूने सात हात

रविवार, २ फेब्रुवारी

"जन्मभर दुसऱ्याच्या वेळापत्रकावर गाड्या हाकणाऱ्या माझ्या डेपोतल्या माणसांनो! पाच मिनिटं उशीर झाला तर आपल्याला नोटीस. पाच मिनिटं लवकर पोचलो तरी नोटीस! आपला वेग आपला कधी होता?"

— सुरुवात अशी करावी. पुढच्या रविवारी बैठक आहे. तोवर भट्टी जमवायची.

विषय एकच: गाडी कुठली घ्यायची. आम्ही अकरा जण मिळून एक जुनी गाडी घेणार आणि महिनाअखेर जुन्या धावपट्टीवर ड्रॅग रेस सुरू होतेय, तिथे उतरवणार. सगळ्यात खालच्या, स्टॉक वर्गात. स्टॉक म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी. त्यामुळे पैसेवाल्यांना वेग विकत घेता येत नाही. हे मला फार आवडलं! नियमपुस्तिका दोनदा वाचून काढली. भल्याभल्या ग्रंथांत नसते एवढी समता त्यात आहे.

चालवणार धाकटी. यावर मतदान नाही.

दोन वर्षांपूर्वी उतारावर तिच्या बसचे ब्रेक गेले. तिने बस भिंतीला घासत घासत थांबवली. एकही माणूस दगावला नाही. तरी ठपका तिच्यावरच. चौकशीत युनियनचा पुढारी म्हणून मी तिची बाजू मांडली, दोन तास. टाळ्या पडल्या. निकाल मात्र विरुद्ध गेला. तेव्हापासून माझी बहीण तिकीट खिडकीत बसते. गाडीच्या स्टिअरिंगच्या चाकाला हात लावलेला नाही. बावीस वर्षं बस चालवलेली बाई!

सोमवार, ३ फेब्रुवारी

पहिली गाडी पाहिली. करडी, चार दारांची, एका दातांच्या डॉक्टरची. मिस्त्री तासभर तिच्या पोटाखाली उताणे. मिस्त्री म्हणजे आमच्या वर्कशॉपचे पत्र्याचे कारागीर. बोलतात कमी, ठोकतात जास्त.

बाहेर येऊन म्हणाले, "पत्रा खणखणीत. इंजिन मूळचं. पळायची नाही, पण रोज एकाच वेळेला पोचेल. या खेळात तेच लागतं."

खरं आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी, सरळ पाव मैल. पण प्रत्येक गाडीने आपली वेळ आधी सांगायची. हळू गाडीला दिवा आधी हिरवा होतो. आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तर बाद! म्हणजे पुन्हा वेळापत्रकच. हे वाचून माझा जरा विरस झाला होता, तो मी गिळला.

मी म्हटलं, "मिस्त्री, ही बघून माणूस शर्यतीला जाईल की दात काढायला?"

"साहेब, दात शर्यतीतही पडतात."

धाकटी फाटकाबाहेरच उभी. खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "बरी आहे. घेऊन टाका." तिकीट फाडून द्यावं तशी म्हणाली. दारही उघडलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

लिहायला हवं. नीट, क्रमाने.

दुसरी गाडी एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे. लाल, दोन दारांची, लांब नाकाची. एवढी देखणी गाडी आणि किंमत आमच्या आवाक्यात. तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. मिस्त्रींची पाळी होती, ते आले नाहीत. निघताना माझ्या हातात लोहचुंबक दिला. "खालून सगळीकडे फिरवा. पत्रा असेल तिथे धरेल. पत्रा सडून पुट्टी भरली असेल तिथे पडेल. एवढंच बघा, बाकी मी नंतर बघतो."

धाकटी न विचारता आत जाऊन बसली! आरसा सारखा केला. सीट पुढे ओढली. दोन्ही हात चाकावर. "दादा, हिचा क्लच बघ कसा पायात येतो! गिअर बघ, लोण्यासारखा!" ती क्लचबद्दल दहा मिनिटं बोलली. दोन वर्षांत सलग दहा मिनिटं ती कशाबद्दलच बोलली नव्हती. घड्याळवाला हसत होता — "ताई, ही तुमचीच वाट बघत होती." असं तो सगळ्यांनाच म्हणत असणार.

मी खाली वाकून चुंबक फिरवला. कडांना धरला. मागे धरला. ड्रायव्हरच्या सीटखाली — पडला. वाटलं, हात निसटला. पुन्हा लावला. पुन्हा पडला.

वरून आवाज आला, "दादा, धरला का?"

"धरला."

एक शब्द. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वीतभर जागा असेल. फार तर दोन वीत. बाकी गाडी ठणठणीत आहे ना!

रविवार, ९ फेब्रुवारी

जिंकलो. सात विरुद्ध चार.

कॅन्टीनमध्ये बैठक. मिस्त्री आधी बोलले — दोन मिनिटं, करड्या गाडीच्या बाजूने. प्रत्येक वाक्य बरोबर, म्हणून कुणी ऐकलं नाही. मग मी उभा राहिलो. वेळापत्रक आलं, नोटिसा आल्या, "आयुष्यभर करड्या कपड्यांत करडी कामं केली, आता शर्यतीतही करडंच?" आलं. बस धुणाऱ्या बायांनी बाकं बडवली. मी त्यांचं डोकं नाही, काळीज धरलं. कुठे धरायचं ते मला कळतं. तीस वर्षांचा धंदा आहे.

मतदानाआधी मिस्त्रींनी सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, चुंबक फिरवलात ना?"

"फिरवला."

हे खोटं नाही! फिरवला होताच. तर्काने बघितलं तर शंभर टक्के खरं.

"मग ठीक," मिस्त्री म्हणाले. "मत माझं तरी करडीलाच. पण गाडी येईल ती माझी."

धाकटीने लालसाठी हात वर केला तो कोपरापासून सरळ, वर्गातल्या मुलीसारखा. तिच्याकडे बघून बाकीचे हात वर गेले. माझ्या भाषणामुळे गेले असं लोक म्हणतात. कुणामुळे का असेना, जबाबदार मीच.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

धाकटी गाडी स्वतः चालवत डेपोत घेऊन आली. मी शेजारी. सिग्नलला थांबली की माझे डोळे तिच्या सीटखाली. माझा पाय सगळा वेळ दाबलेला.

"दादा, तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये!" — केवढी हसली!

फाटकावरचा पहारेकरी उठून उभा राहिला. तिला सलाम केला. मी उतरलो तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटलेला. फेब्रुवारीत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

धाकटी जेवायला आली. वाढून झालं तरी बोलतेच आहे. दिवा हिरवा होताना पाय कसा उचलायचा, तिने ताटावरच चमच्याने दाखवलं. मग सहज म्हणाली, "दादा, मी अर्ज दिला ऑफिसात. बसवर परत घ्या म्हणून."



ती गेल्यावर आमची ही म्हणाली, "दोन वर्षांनी बाईला वाचा फुटली. आणि तुमची तोफ का थंड? बरं नाही का?"

"घसा बसलाय."

"घसा? तुमचा?" हिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. खरंच लावला.

आता सांगितलं तर काय होईल? गाडी जाईल, हे सोपं. पण ती पुन्हा खिडकीत जाऊन बसेल. अर्ज मागे घेईल. म्हणेल, मी हात लावते ते मोडतंच. हे तिचंच वाक्य आहे, चौकशीनंतरचं.

न सांगितलं तर? ते मी लिहीत नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मिस्त्री म्हणाले, "आज ड्रायव्हरची सीट काढतो. मॅट उचलून खालून एक पट्टी वेल्ड करतो. सुटताना गाडीला हिसका बसतो तो थेट तिथे येतो. असू दे, जिवाला बरं."

देवासारखा माणूस दारात आला होता! "करा" एवढंच म्हणायचं होतं. वेल्डिंगला मॅट उचलली असती, सगळं आपोआप बाहेर पडलं असतं.

आणि मी काय केलं? नियमपुस्तिका काढली. "मिस्त्री, कलम आठ. मूळ बनावटीत बदल केल्यास गाडी बाद. मॅटसुद्धा मूळची आहे, हात लावू नका." आवाज असा लावला की शेजारच्या बसखाली खड्ड्यात उतरलेला माणूसही काम थांबवून ऐकू लागला.

मिस्त्रींनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. "तुम्ही वाचलंय, तर असेल तसं."

कलम नऊ पुढच्याच पानावर आहे: सुरक्षेसाठी मजबुती चालेल. मी ते पान उलटलं नाही. आपोआप बाहेर पडलं तर 'धरला' कुणी म्हटलं होतं, तेही बाहेर पडलं असतं. म्हणजे आता हे धाकटीसाठी नाही. माझ्यासाठी आहे. हे लिहिताना पेन दोनदा थांबलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी होती. मॅट उचलली. वर डांबराचा काळा थर, अगदी गुळगुळीत. स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर केलाच नाही. मुठीपर्यंत आत गेला.

बाहेर काढला तर भोकातून शेडची जमीन दिसली. त्यावर पडलेला एक नट दिसला.

सीटचे मागचे दोन्ही बोल्ट त्याच पुट्टीत. सीटबेल्टच्या पट्ट्याचा बोल्टही त्याच पुट्टीत!

मॅट परत लावली. नीट, काठ दाबून. हे हात माझेच होते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज सांगायचंच, म्हणून तिकीट खिडकीवर गेलो. रांग होती. रांगेत उभा राहिलो — तेवढाच धीर गोळा होईल म्हणून. पुढे सहा माणसं, मग चार, मग एक बाई सुट्ट्या पैशांवरून भांडणारी. माझा नंबर आला. काचेच्या अर्धगोल फटीतून धाकटीचा चेहरा.

"बोला, कुठलं तिकीट?" मग मला ओळखून खो खो. "दादा! रांगेत कशाला उभा राहिलास?"

मागून कुणी तरी म्हणालं, "काका, घरचं घरी बोला!"

दहा हजारांच्या सभेत मला कुणी गप्प बसवू शकलं नाही. आणि इथे मी काय विचारलं? "उद्या किती वाजता निघायचं?"

"सात. काल तूच सांगितलंस ना!"

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज धावपट्टीवर गाड्यांची तपासणी. माझी सगळी भिस्त तपासनिसावर. मनात सारखं: बाबा रे, मॅट उचल. तूच उचल. मला वाचव!

त्याने ब्रेक बघितले. बॅटरी बांधली आहे का बघितलं. इंजिनाचा नंबर कागदाशी जुळवला. धाकटीचं हेल्मेट बघितलं. पट्टा एकदा ओढून पाहिला — एका हाताने, बोलता बोलता. पट्टा टिकला! मग म्हणाला, "अशी मूळ स्थितीतली गाडी आज पहिलीच. छान ठेवलीय," आणि काचेवर हिरवा स्टिकर लावला.

आमचे सगळे ओरडले. मिस्त्रींनी चक्क बॉनेटवर थाप मारली. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

पहिली फेरी उद्या नऊ वाजता. गाड्या रात्री तिथेच राहणार. आता तिच्या आणि त्या भोकाच्या मध्ये कुणीही नाही. एक मीच.

रविवार, २३ फेब्रुवारी, सकाळी सव्वासात

धाकटे,

ही वही तुझ्यासाठी नव्हती. आता आहे. सीटवर ठेवतोय, म्हणजे उचलल्याशिवाय तुला बसता येणार नाही. सहा तारखेपासून वाच.

समोर येऊन सांगितलं असतं, पण मला माझीच भीती वाटते. मी तोंड उघडलं तर बोलेन, आणि बोललो तर तुलाही पटवून टाकीन. म्हणून मी दिव्याच्या खांबापाशी गप्प उभा आहे. किल्ली मिस्त्रींकडे दिली आहे. त्यांना अजून काही माहीत नाही.

तू काही मोडलेलं नाहीस. तेव्हाही नाही, आताही नाही. अर्ज मागे घेऊ नकोस. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव.

पण आत बसू नकोस. आधी मॅट उचल आणि स्वतः हात घालून बघ.