बैलाच्या खुरांपाशी पडलेली सावली

प्रिय गोविंदा,

सवयीने आधी 'चिरंजीव' लिहिले आणि हात तिथेच थांबला. धाकट्या भावाला दुसरे काय लिहायचे असते? तो शब्द खोडण्याचे धैर्य झाले नाही. नवा कागद घेतला.

आज तुझे वर्षश्राद्ध झाले. पिंडदान आटोपून ओसरीवर आलो, तर दारात देवणीकडचा मारुतीआप्पा उभा. तुझे पहिले गिऱ्हाईक! त्याच्या उपरण्यात काय गुंडाळलेले होते, ते सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

आठवतो ना तुला, कॅमेरा घेऊन हैदराबादेहून उदगीरला आलास तो दिवस? ज्यांच्याकडे तू फोटो काढायला शिकलास, त्या उस्तादांनी तो दसऱ्यापर्यंत उसना दिला होता. तोवर गिऱ्हाइके मिळाली तर तो तुझ्याकडे राहणार, नाहीतर तो परत आणि तू माझ्यामागे भिक्षुकीला. चौकात कॅमेऱ्याची तिपाई मांडून तू उभा राहायचास आणि माणसे वळसा घालून जायची. "ती काच रगत वढती म्हनं, आविष्य कमी व्हतंय!" पुराणाला येणाऱ्या बायांना मी किती समजावले! माझ्यासमोर त्या माना डोलवीत, आणि चौकात आल्या की पदर तोंडावर ओढून घेत.

मग तुला ती युक्ती सुचली. माणूस बसत नसेल, पण पोळ्याचा सजवलेला बैल? पोळ्याच्या सकाळी तू आप्पाच्या दारी गेलास. मीही सोबत होतो.

"मानसाचं जमंना म्हून बैलाकडं आलाव व्हय, पंत?"

"बैल नाही म्हणत नाही, आप्पा," तू म्हणालास.

तो हसला आणि तुझे काम झाले. पण बैल एका जागी ठरेना! शेवटी आप्पालाच कासरा धरून उभे राहावे लागले, आणि भीत भीत का होईना, तोही तुझ्या चित्रात आला.

कोठीघराच्या अंधारात चित्र उमटवायची काच धुतलीस आणि तुझा चेहरा उतरला. उगवत्या सूर्याकडे पाठ करून तू उभा राहिला होतास. तुझी आणि तिपाईची लांब सावली थेट बैलाच्या खुरांपर्यंत पोचली होती. "अण्णा, पहिलेच काम नासले." ते चित्र तू देणारच नव्हतास. आप्पानेच हिसकावून घेतले. "ऱ्हाऊ द्या की! तुमी बी आलाव त्यात."

आई तेव्हा म्हणाली होती, "एक तुझाही काढून ठेव रे." काय उत्तर दिलेस तू? "काचा गिऱ्हाइकांसाठी आहेत, आई. दसरा होऊ दे." हा कसला विचार, गोविंदा? आईहून मोठे गिऱ्हाईक कोण होते?

दसऱ्याआधीच तुला तापाने नेले. आणि तुझे दिवस चालू असतानाच माणसे दारात येऊ लागली! आप्पा ते चित्र गावोगाव दाखवीत फिरला होता. "बगा, फोटू काडून बी म्या जित्ता हाय!" शिरूरचे एक जोडपे नवी वस्त्रे नेसून आले. "फोटूवाले पंत हायत का?" ज्यांची तू उन्हात वाट पाहिलीस, त्यांना मी सुतकात बसून परत पाठवले.

कॅमेरा मी स्वतः हैदराबादेस नेऊन दिला. त्यावरून हात फिरवीत उस्ताद एवढेच म्हणाले, "बच्चे का हाथ अच्छा था."

देहाच्या नश्वरतेवर मी आयुष्यभर बोलत आलो. पण परवा आई म्हणाली, "त्याचं तोंड मला नीट आठवेनासं झालंय रे," तेव्हा मी पोथी मिटून ठेवली.

ते बोलणे आप्पाच्या कानी गेले असावे. आज त्याने उपरणे सोडले आणि भिंतीवरून काढून आणलेली ती तसबीर आईपुढे धरली. "आयसाब, बैल माजा, सावली तुमची. ठिवून घ्या." त्याचा तो बैल यंदाच्या उन्हाळ्यात गेला, गोविंदा; तरीही त्याने ती आणली.

चेहरा त्यात नाही. पण डावा खांदा किंचित उचललेला, अगदी तुझाच! आई त्या खांद्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवीत राहिली.

तुला वचन देतो. तसबीर मी आपल्याकडेच ठेवून घेणार नाही. पोळ्याला ती आप्पाच्या घरी पोचवीन, तुझ्या तिथीला आईपुढे मांडीन. आणि उदगीरच्या चौकात पुन्हा कोणी नवखा तिपाई मांडून उभा राहिला, तर आईला शेजारी घेऊन पहिला मी बसेन. सूर्य त्याच्या पाठीशी असला, तरी त्याला सांगणार नाही.

तुझा,
अण्णा