दर्याघोड्याची चाळीस पोटं

टोर्शहाव्न, २४ ऑगस्ट

ती. हानुसमामांस,
सा. न. वि. वि. (नमस्कार लांबूनच. जवळ आले तर तुम्हीच नाक दाबाल.)

...आणि नाही, तो वास अजून गेलेला नाही! तुम्ही सांगितलंत तसा स्वेटर राखेत पुरला, व्हिनेगरमध्ये बुडवला, तीनदा धुतला. शी! अजूनही सडक्या माशावर कुणीतरी रॉकेल ओतल्यासारखा घमघमतोय. माझी रूममेट टोरा म्हणाली की या खोलीत एक तर ती राहील, नाहीतर स्वेटर. आता तो खिडकीबाहेर लटकतोय आणि खालच्या मजल्यावरच्या बाई मला जिन्यात भेटल्या की श्वास धरतात.

चूक माझीच. कड्यावरच्या घरट्यातलं दर्याघोड्याचं ते गुबगुबीत पिल्लू बघून मी 'किती गोड' म्हणत वाकले, आणि त्यानं दीड हातावरून नेम धरून ओकारी काढली. नारिंगी, कोमट, चिकट. केसांत गेली, मामा! आणि तुम्ही मागे उभे राहून इतके हसत होतात की माझ्या कमरेचा दोर तुमच्या हातातून सुटायचा.

पण सीरियसली, काय भारी पक्षी आहे! चोचीवर नळी असलेलं हे अख्खं खानदानच अचाट. खाली दक्षिणेतला आल्बट्रॉस, पंख पसरले तर तुमच्या होडीत मावणार नाही, आणि आपल्या दगडी कुंपणात अंडं घालणारं चिमणीएवढं वादळपाखरू, हे दोघं एकाच घरातले. सगळे नळीतून मीठ गाळणार, वासावर मैलोन् मैल जाऊन जेवण हुडकणार. आणि आपला दर्याघोडा म्हणजे त्या घरातला सगळ्यात घाणेरडा चुलतभाऊ, जो लग्नात कुणाच्याही अंगावर ओकतो.

आता कामाचं. आमच्या लॅबचे हाइनी सर दर बेटावरून दर्याघोड्याच्या पिल्लांची चाळीस पोटं मागवतायत. पक्ष्यांच्या पोटात किती प्लॅस्टिक जातं ते मोजायचंय. आपल्या बेटाचं काम सरांनी मला दिलंय. पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या नावावर! नीट झालं तर नोव्हेंबरात बर्गनला शास्त्रज्ञांच्या सभेत मी उभी राहून ते वाचणार. तेव्हा तुम्ही नेहमीसारखी पिल्लं धरा, मांस तुमचं, पोटं माझी. दोन्ही टोकांना दोरा बांधून गोठवायची आणि बोटीनं पाठवायची. फोनवर तुम्ही ओरडता आणि मला काही कळत नाही, म्हणून लिहून पाठवतेय.

रान्वामामीला गालगुच्चा. वास जाईपर्यंत तरी माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची सुन्नेवा

—

बेटावरून, ८ सप्टेंबर

चि. सुन्नेवास,
अनेक आशीर्वाद. रान्वाचे वेगळे, ते ती स्वतः देईल.

शहरात राहून तुझं नाक फार नाजूक झालंय. तुझी आई पिल्लांच्या ओकारीतल्या त्याच तेलानं बूट चोळायची आणि नाचालाही तेच बूट घालून जायची. तरी लग्न झालंच की नाही तिचं? स्वेटर जाळ. मामी दुसरा विणतेय, पण तिनं सांगितलंय की तो घालून पिल्लांशी लाडात यायचं नाही.

यंदा चौऱ्याऐंशी पिल्लं मिळाली. वारा पडला होता. कड्यावरून पाण्यात उतरतात आणि मग चरबीनं उडताच येत नाही, बसतात आपली फुटबॉलसारखी डुलत. होडी शेजारी नेली, जाळीत उचललं, झालं. तुझा मामा एकाहत्तरचा आहे, पण हात अजून चुकत नाही.

पोटं आइसक्रीमच्या डब्यांत घालून पाठवलीत. मोजून चाळीस. तुझ्या सरांना सांग, आपल्याकडे त्यांना काही सापडायचं नाही. घाण आहे ती खालच्या देशांची. गलबतांवरचे लोक टाकतात, ती जाते दुसऱ्या बेटांकडे. आपल्याकडे दर्या स्वच्छ आहे, माझ्या बापाच्या वेळेपासून. डबा उघडल्यावर नाक मुरडावं असं काही या घरातून बाहेर गेलेलं नाही आणि जाणार नाही.

मिठातली पिल्लं, बटाटे आणि रुबार्बचा मुरंबा तुझी वाट बघतायत. बर्गनला जाताना चांगला कोट घाल. शेजारच्या घरी तुझ्या सभेचं सांगून ठेवलंय मी, त्यांचा मुलगा नुसता मोटारी विकतो.

असाच जीव लावत राहा.
हानुसमामा

—

टोर्शहाव्न, १७ सप्टेंबर

ती. मामांस,
आज नमस्कार नाही, सरळ मिठी! वास गेलाय.

मामा, शून्य! चाळीसच्या चाळीस पोटांत शून्य! मी चाळणीवर पाणी सोडत होते, एकेक पोट उघडत होते आणि काही नाही. अगदी गुलाबी, स्वच्छ. हाइनी सर स्वतः येऊन बघून गेले. एकदा नाही, तीनदा.

तुम्हाला कल्पना नाही बाकीच्या बेटांची काय घाण आहे. परवा एका पिल्लाच्या पोटातून एकोणसत्तर तुकडे निघाले. फुग्याची रिबीन, बाटलीच्या बुचाची कड, कानात घालायच्या काडीची दांडी, आणि एक पिवळं, अर्धं विरघळलेलं, जे काय होतं ते मला अजून माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. सगळं तेलात भिजलेलं, बुळबुळीत. मी बाहेर जाऊन ओकले. दर्याघोड्यासारखा नेम नाही धरता आला, इतकंच. आणि सगळ्यात वाईट काय माहितीये? ते पिल्लू स्वतः कधी समुद्रावर गेलेलंच नसतं. आईबापानं भरवलेलं असतं. प्लॅस्टिक पाण्यात राहून राहून त्याला खाण्यासारखा वास येतो म्हणे, मग ही नळीवाली मंडळी वासावर जाऊन तेच गिळतात आणि घरी येऊन प्रेमानं पिल्लाच्या घशात उलटी करतात.

आणि आपल्याकडे शून्य! सरांनी नकाशावर आपल्या बेटाभोवती लाल गोल काढला. असं बेट त्यांनी आजवर पाहिलं नाही म्हणाले. फक्त एक विचारलं, की यांत माकूलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, न पचणाऱ्या चोचीसुद्धा कशा नाहीत, त्या तर प्रत्येक पोटात असतात. मी म्हटलं, उपाशी असतील. त्यांनी ते तसंच टिपून घेतलं. पण बर्गनला नाव गेलं, मामा! माझं आणि बेटाचं, दोन्ही!

मुरंबा ठेवा. माझ्यावरचा लोभ मात्र आता दुप्पट करा.
तुमची सुन्नेवा

—

बेटावरून, २२ सप्टेंबर

चि. सुन्नूस,
मामीचे आशीर्वाद. हे पत्र बसून वाच.

तुझं पत्र मामानं दोनदा मोठ्यांदा वाचलं आणि मग होडीला रंग द्यायला निघून गेला. होडीला मे महिन्यातच रंग दिलाय. तेव्हाच मला कळलं.

पोरी, त्यानं पोटं धुतली. मी पाहिलं होतं, पण मला काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे ऑक्टोबरात मेंढरं कापली की आतडी उलटी करून चार पाण्यांनी धुतल्याशिवाय शेजाऱ्याला तरी देतो का आपण? मला वाटलं, शहरातल्या साहेबांकडे जायचीत, म्हणून करतोय बापडा. शेडच्या नळाखाली एकेक कापलं, उलटं केलं, धुतलं, परत सुलटं करून टाके घातले. त्याचे टाके तुला माहीत आहेत, जाळं विणावं तसे बारीक. दिवसभर बसला होता.

काल मी त्याला सरळ विचारलं, की धुतलंस ते धुतलंस, पण त्या पाण्यात काय होतं? आधी म्हणाला माशांचे काटे. मग मी शेडमागे गेले. तिथे झाकून ठेवलेली बादली आहे. सुन्नू, मी साठ वर्षं कोंबड्या, मेंढ्या, मासे साफ करतेय, मला कशाची किळस येत नाही. पण त्या बादलीत निळं, हिरवं, लाल, पांढरं असं काही होतं आणि वर तो तेलाचा तवंग. मी झाकण परत लावलं.

मामा म्हणाला, पहिल्या पोटात लाल तुकडा दिसला तेव्हा त्याला खेकड्याचा पाय वाटला. दुसऱ्यात दोन निघाले. दहाव्यानंतर त्यानं बघायचं सोडलं, नुसता धूत राहिला. जन्मभर आपण हेच खात आलो आणि तुलाही मांडीवर बसवून भरवलं, असं काहीतरी पुटपुटला आणि मला बजावलं, की पोरीला सांगायचं नाही.

पिपातली पिल्लं तशीच आहेत. दात दुखतो म्हणून तो पावच खातोय. मी तुला लिहितेय हे त्याला सांगितलंय. पत्र टाकायला धक्क्यावर तो स्वतःच जातोय. बादलीही देतोय त्याच बोटीनं. झाकण दोऱ्यानं बांधलंय.

रागावलीस तर माझ्यावर रागाव. माया तशीच असू दे.
तुझी रान्वामामी

—

टोर्शहाव्न, ३० सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बादली मिळाली. बोटीवरच्या माणसानं ती हात लांब करून दिली आणि हात पॅंटला पुसले. लॅबमध्ये सगळे खिडक्या उघडायला धावले.

मी दोन दिवस मोजत होते. पाचशे अठ्ठ्याण्णव तुकडे. आणि त्यांचा काही उपयोग नाही, मामा! कुठला कुठल्या पिल्लाचा हे आता देवालाही सांगता येणार नाही. वर मूठभर माकूलाच्या चोची, ज्यांच्याबद्दल सरांनी मला विचारलं होतं आणि मी शहाण्यासारखी 'उपाशी असतील' म्हणाले होते. मला माझीच शिसारी आली. मला शून्य हवं होतं, म्हणून मी शून्यावर प्रश्नच विचारला नाही. आणि तुमचे टाके! इतके बारीक, की मी चाळीस पोटं हातात घेतली आणि मला एक टाका दिसला नाही.

मी खूप चिडलेय. तुमच्यावर ओरडायला दोनदा फोन उचलला आणि ठेवला. तुम्ही मला सांगायचं होतंत. घाण दिसली म्हणून तुमची मान खाली जायचं काय कारण? तुम्ही थोडीच टाकलीत ती? पण मग मला आठवलं, की मीसुद्धा तो स्वेटर टोराची आई येणार म्हणून कपाटात कोंबला होता.

सरांना मी त्याच दिवशी सांगितलं. लाल गोल त्यांनी स्वतः खोडला. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. बर्गनला मी जातेय, पण आपलं बेट वगळून. बाकीच्या बेटांचे आकडे मी वाचणार. आपली चाळीस पोटं तक्त्यात असतील, पुढे रेघ मारलेली, आणि रेघेपुढे वगळण्याचं कारण एका शब्दात लिहायचं असतं. ते छापलं जाणार, बेटाच्या नावासकट. सर म्हणाले, हा शब्द तूच लिही, ती तुझी माणसं आहेत.

मी 'स्वच्छता' लिहिलं. खोडलं. मग 'लाज' लिहिलं. तेही खोडलं. कागद आता तुमच्या होडीसारखा झालाय, रंगावर रंग. पिल्लं फेकू नका आणि खाऊही नका, मी येईपर्यंत तशीच राहू देत. मामीला सांगा, तिच्यावर राग नाही. तुमच्यावर आहे, पण तो मायेच्या आतच बसवलाय.

सोमवारी कागद द्यायचाय. पोटं का धुतलीत, खरं काय ते तुम्हालाच माहीत, मामा. कोणता शब्द लिहू?

तुमची सुन्नेवा