जोको म्हणजे गंमत नव्हे

प्रिय शंकर,

मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण उद्या बारामतीत तुझी शोकसभा आहे आणि मुख्य वक्ता मी आहे. तुझ्या त्या इंग्रजी भाषांतराचं पान लासुर्ण्याचे रामराव काचेत मढवून तुझ्या मुलाच्या, वसंताच्या, हाती देणार आहेत. चारचौघांत बोलण्याआधी तुलाच सुनावावं, म्हणून लिहितो आहे.

रामरावांनी लष्कराच्या लिलावात ती इटालियन मोटारसायकल घेतली, महायुद्धाच्या आधीची. सोबत आलेलं माहितीपुस्तकही इटालियन. ती भाषा जाणणारा आपल्याकडे तू एकटा. युद्धात इटलीला गेलास, जखमी झालास, युद्ध संपेपर्यंत तिथल्याच लष्करी वर्कशॉपात राहिलास आणि परत येऊन शाळेत मास्तर झालास. रामराव म्हणाले, "गुरुजी, इंग्रजीतच करा. मराठी कागद बघून मुंबईवाला पार्ट द्यायचा न्हाय." तू लगेच मान डोलावलीस. इंग्रज गेला, तरी तुझी मान त्याच्याच तालावर डोलायची.

स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर, मागचं चाक धरणारा फोर्क, इथवर ठीक केलंस. मग आलं 'सेन्त्सा जोको', म्हणजे जोकोविना. हा फोर्क वरखाली झुलावा, पण त्यात 'जोको' नसावा. जोको म्हणजे खेळ. यात तुला न कळण्यासारखं काय होतं? निरवांगीला तुमच्या बैलगाडीचं चाक आखावर डुगडुगत होतं, तेव्हा तूच म्हणाला होतास, "चाक खेळतंय बघ. तिकडचा मिस्त्रीपण असंच चाक हलवून जोको म्हणायचा."

इंग्रजीतही त्या ढिलाईला प्लेच म्हणतात. मी तुला तसं सांगितलं, तर म्हणतोस, "प्ले हा पहिलीतल्या पोरांचा शब्द. मुंबईवाले हसतील." आणि जाडजूड डिक्शनरीतून अम्यूझमेंट काढलास. 'विदाउट अम्यूझमेंट'! म्हणजे फोर्क हलावा, पण गंमत म्हणून नव्हे! साध्या शब्दाची लाज वाटणारा माणूस धोतरावर टाय बांधून हिंडणाऱ्यासारखा दिसतो, शंकर. तुला कुणी आरसा दाखवला नाही एवढंच.

काल लासुर्ण्याला गेलो होतो. वसंता आता रामरावांच्या उसाचं काम बघतो आणि रोज त्याच मोटारसायकलवर कालव्याच्या कडेनं ये-जा करतो. तिची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीला मी विचारलं, "मागचं चाक हलवून बघितलंस का?"

"न्हाय बा. गंमत म्हणून हलवायचं न्हाय, असं कागदात लिवलंय. रामरावांनीच वाचून दावलं."

ऐकलंस? जी ढिलाई शोधायला चाक हलवावं लागतं, तिच्याबद्दलच्याच वाक्यानं तू मिस्त्रीचे हात बांधून ठेवलेस. मी चाक धरून हलवलं. पडायला आलेल्या दातासारखं डुगडुगलं.

वसंताला म्हटलं, कागदातला शब्द चुकलाय, गाडी खोलू दे. पोरगा उसळलाच. "काका, आमचं तात्या इटलीत लढल्यात. तुमी कुठं गेलता? पुस्तकं वाचायची आन् भाषणं ठोकायची, दुसरं काय केलंत? तात्यांचा शब्द मी खोडू द्यायचो न्हाय." मिस्त्री हसला. मीही हसलो असतो, पण तोवर वसंतानं किक मारली होती. तो कालव्याच्या वळणाआड जाईपर्यंत मी त्या चाकाकडेच बघत उभा होतो.

तुझ्या अज्ञानाचा मला राग नाही, कारण तू अज्ञानी नव्हतास. तू भित्रा होतास. गोळ्यांसमोर उभा राहिलेला माणूस मुंबईच्या कुणा कारकुनाच्या हसण्याला भ्याला? ज्याचं तोंडही तू कधी पाहिलं नव्हतंस? तो हसलाही नाही, शंकर. त्यानं ते वाचलंसुद्धा नसेल.

तर ऐक. उद्या मी तुला थोर भाषांतरकार म्हणणार नाही. ते पान काचेबाहेर काढायला लावीन, अम्यूझमेंटवर सगळ्यांदेखत काट मारीन आणि सांगेन की खरा शब्द शंकरला ठाऊक होता, त्याला त्याची लाज वाटली. वहिनी रडतील. वसंता माझ्या अंगावर धावून येईल, पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकणार नाही. पण खरा शब्दही तात्यांचाच आहे म्हटल्यावर तो गाडी मिस्त्रीच्या हवाली करील. मग देऊ दे मला जन्मभर शिव्या. त्या द्यायला तो जिवंत असला म्हणजे झालं.

तुझा,
निवृत्ती