ती अदब तुझ्यासाठी नव्हती

प्रिय मधू,

काल तुझ्या शोकसभेत डॉक्टरांनी लखमाची गोष्ट सांगितली, म्हणून लिहिते आहे. "मधुकररावांचा वाडीतला गडीसुद्धा ओटीवरून उतरला तो मालकाकडे पाठ न फिरवता," असं ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि गप्प राहिले. तू गेल्यावरही तुझ्यासाठी गप्प बसायचं, याचा मला संताप आला आहे.

बोटीवरची नोकरी सोडून सरावलीला आपल्या वाडीत आलास तेव्हा तुझ्या पेटीत ती रेकॉर्ड होती. अमेरिकेतल्या काळ्या गायकांची. जाड ढोल, कर्णे, आणि गाता गाता भांडायला उठणारा तो आवाज. पहिल्या दिवशी मला तो गोंगाट वाटला. मग शब्द लागले. आमच्या हातचा कापूस अंगावर घालता, मग आम्हाला शेजारी बसू का देत नाही, असा त्या गाण्याचा सवाल होता. कॉलेज सोडून मला तीस वर्षं झाली. इतकं सरळ इंग्रजी मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

तुझे तर डोळे भरून यायचे. डॉक्टर, स्टेशनमास्तर, जो येईल त्याला तू ओळ न् ओळ समजावून द्यायचास. अंगणात चिकू निवडत बसलेला लखमा हात थांबवून ऐकायचा. कैनाडच्या पाड्यावर तारपा वाजवणारा माणूस तो, त्याला सूर कळणार नाही? एकदा त्याने विचारलं, "शेट, काय सांगतात ही माणसं?"

"तुझ्या डोक्यावरून जाईल. चिकू बघ."

हे मी आतून ऐकलं. त्या संध्याकाळी मीच त्याला अर्थ सांगितला. तो हसला. "म्हणजे यांना पण शेट आहे की, बाई."

पुढच्या रविवारी तू गाणं लावलंस आणि लखमा येऊन ओटीवरच्या बाकावर, अगदी टोकाला बसला. हातपाय धुऊन आला होता, मधू. तू पाहुण्यांसमोर म्हणालास, "खाली हो. ऐकायचं तर अंगणातून ऐक." रेकॉर्ड फिरत होती. तो गायक त्याच बसण्यावरून ओरडत होता! तुला ऐकू कसं आलं नाही?

लखमा उठला. एकेक पाऊल मागे टाकत पायऱ्या उतरला आणि कुंपणापर्यंत तसाच उलटा गेला. "काय अदब आहे," डॉक्टर म्हणाले. तू सुपारी कातरत हसलास.

तो पुन्हा वाडीत आला नाही. "माजलाय," एवढंच तू म्हणालास. मी कैनाडला जाऊन त्याला विचारलं. तो म्हणाला, "तारपा वाजतो तेव्हा त्याच्याकडे पाठ करायची नाही, बाई. गाणं चालू होतं ना?"

तू त्या प्लेअरच्या मागे बसला होतास, एवढंच.

दोन वर्षं हे मी तुला सांगितलं नाही. घरात तंटा नको म्हणून. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलींना छडी मारली, आणि घरी हे. पण तूही एकदा विचारायचं होतंस, ताई, लखमा का येत नाही? परक्या देशातल्या माणसांसाठी रडायला तुला वेळ होता.

वाचनालयाला ती रेकॉर्ड तुझ्या फोटोखाली काचेच्या कपाटात ठेवायची होती. मी नाही म्हटलं. आज सकाळी बैलगाडी करून ती कैनाडला नेली. लखमाने सामान उतरवून घेतलं आणि गाडीत ओटीवरचं बाक पाहून थबकला.

"हे पण? मग तुमच्या पाहुण्यांनी बसायचं कुठं?"

"अंगणात," मी म्हटलं.

वाचनालयात तुझा फोटो लागेल त्या दिवशी मी उभी राहून हे सगळं याच शब्दांत सांगणार आहे. डॉक्टर समोर असतील. तुला आवडणार नाही. ऐकून घे.

तुझी ताई

लखमाच्या हवाली केलं ते: रेकॉर्ड एक, दुसऱ्या बाजूला चरा पडलेली. बॅटरीवर चालणारा प्लेअर एक, नवे सेल घालून. गाण्यांचा मराठी अर्थ, माझ्या अक्षरात, सात पानं. दर रविवारी जाऊन तो मी वाचून दाखवायचा, असं ठरलं आहे. ओटीवरचं लाकडी बाक, एक.